इंदापूरच्या वेशीतला मारुती

विघ्नहर्त्या श्रीगजाननाला, जिच्या तीरावर माझे आयुष्य गेले त्या कृष्णामाईला, आणि ज्याच्या सेवेच्या निमित्ताने हा प्रवास घडला त्या इंदापूरच्या वेशीतल्या मारुतिरायाला साष्टांग वंदन करून हे चार शब्द लिहावयास बसलो आहे. वाचकहो, आपण बहुधा त्या वेशीलगतच्या आळीत गेला नसाल. मीही कधी गेलो नव्हतो. वाईच्या घाटावरून उठून या वयात कोठे जाण्याचे कारणही उरले नव्हते. पण माघाच्या आरंभी बारामतीहून दत्तात्रयाचा फोन आला.

दत्तात्रय लहानपणी आमच्या पाठशाळेत होता. संस्कृत शब्दांची रूपे चालवताना तो नेहमी अडखळे, पण त्याचे मन निर्मळ होते. आता बारामतीला शेतीच्या अवजारांचे त्याचे मोठे दुकान आहे. फोनवर तो म्हणाला, "गुरुजी, पोरीच्या कामात देव आडवा आलाय. म्हणजे तसं नव्हे, पोरगीच देवाच्या आडवी गेलीय. तुम्ही या."

त्याची कन्या अनघा वास्तुरचनाकार आहे. इंदापूरच्या जुन्या वेशीलगतच्या आळीचे नूतनीकरण तिच्याकडे सोपवले आहे. वेशीचे दार कधीच गेले, तिचे दोन बुरूजही गेले. उरली ती चिंचोळी आळी आणि तिच्या तोंडाशी मारुतीची घुमटी. गेल्या दिवाळीत आळीच्या दुसऱ्या टोकाला एका कापडाच्या दुकानास आग लागली, तेव्हा अग्निशामक बंब या तोंडाशीच अडकला. माणसे वाचली, दुकान गेले. म्हणून घुमटी चौकापलीकडे न्यावी असे ठरले. आळीने होकार दिला, पण एक अट घातली: देव हलवायचा तर यथाशास्त्र हलवायचा, आणि विधी जाणणारा माणूस बाहेरून आणायचा. तो माणूस म्हणून मला बोलावणे होते.

बारामती, माघ शुद्ध दशमी

लोणंद-फलटणवरून बारामतीच्या शिवारात उतरलो. कालव्याचे पाणी दोन्ही हातांना खेळत होते आणि उसाने लादलेले ट्रॅक्टर एकामागून एक कारखान्याकडे डुलत चालले होते. मी तरुणपणी पाहिलेली बारामती म्हणजे बाजाराचे गाव, गुळाच्या ढेपा आणि बैलगाड्यांची धूळ. आता रुंद रस्ते, मधोमध फुललेली झाडे, विद्यार्थ्यांनी गजबजलेली महाविद्यालये. मनात काहीशी नाक मुरडण्याची तयारी करून मी आलो होतो, हे कबूल करतो. पण कोरडवाहू मुलखातली मुले पाठीवर दप्तर टाकून हसत-बोलत ज्ञानशाळांत शिरताना पाहिली आणि छाती भरून आली. हे आपल्याच लोकांनी आपल्या हाताने उभे केले आहे.

दत्तात्रयाचे घर नव्या वसाहतीत, पाचव्या मजल्यावर. वाईला मी संध्येचे अर्घ्य कृष्णेत देतो. येथे सायंसंध्येची वेळ झाली तेव्हा गॅलरीत उभा राहिलो, पश्चिमेकडे तोंड केले आणि सवयीने अर्घ्य सोडले. खालून आवाज आला, "कोण पाणी टाकतंय वरून? डोळे फुटले का?"

दत्तात्रय धावत कठड्याशी गेला. "काका, पाणी नाही, अर्घ्य आहे! आमचे गुरुजी आलेत."

मग खालचे गृहस्थ म्हणाले, "अर्घ्य असलं तर पाया पडतो. पण टॉवेल तरी टाका."

टॉवेल पाठवला. थोड्या वेळाने ते गृहस्थ तो घडी घालून परत घेऊन स्वतःच वर आले, खरोखरच पाया पडले, आणि चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून मी अर्घ्यासाठी तसराळे मागून घेतले.

तिन्हीसांजेनंतर दत्तात्रयाने कऱ्हेकाठी नेले. जुन्या सिद्धेश्वराच्या मंदिराचा दगड तोच आहे, पण भोवतालची घाण आणि अडगळ गेली आहे. नदीकाठ बांधून काढला आहे, आणि मंडळी तेथे सहकुटुंब फिरावयास येतात. आमच्या वाईत घाटावर येणारा मनुष्य पाण्यासाठी येतो, भांडी, कपडे, स्नान, काहीतरी काम घेऊन. येथे लोक केवळ नदी पाहावयास आले होते. एक सासूबाई सुनेला सांगत होत्या, "हितं आमी धुणं धुवायचो, आता तुमी सेल्फी काढा." त्या स्वरात तक्रार फार थोडी होती, मिरवणेच अधिक.

घरी परतलो तो अनघा इंदापूरहून आली होती. केसांत सिमेंटची धूळ, पायांत जाड बूट. वाकून नमस्कार केला आणि पानावर बसली. हुलग्याची शेंगोळी होती. ती लसणाची म्हणून मला वेगळी, हिंगाच्या फोडणीची केली होती. जेवता जेवता ती कामाविषयी सांगू लागली.

"गुरुजी, त्या आळीत रस्ता दर वेळी जुन्यावरच केला. आधी खडी, मग डांबर, मग काँक्रीट, त्यावर परत काँक्रीट. दरवेळी रस्ता वर चढला आणि घरं खाली गेली. लोक घरात पायऱ्या उतरून जायचे. पावसाळ्यात पाणी सरळ देवघरात."

"मग तू काय केलेस?"

"खरवडून काढलं सगळं. खाली जुनी दगडी फरसबंदी निघाली, अखंड. उंबरे वर आले." तिने हातातला घास पानात ठेवला. "फक्त देवाच्या बाबतीत जमलं नाही. लोकांनी हो म्हटलंय, पण मारुतीपुढून जाताना ते माझ्याकडे बघत नाहीत."

दत्तात्रय म्हणाला, "बंब अडकला तेव्हा बघत होते ना? त्या दिवशी कुणी म्हणालं नाही की राहू दे घुमटी."

"बाबा, तुम्ही आपली अवजारं विका."

लासुर्ण्याच्या वाटेवर, एकादशी

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरकडे निघालो. वाटेत लासुर्णे लागते. तेथे दत्तात्रयाचे थोरले चुलतबंधू शेती करतात. सारे त्यांना बापू म्हणतात. गाडी थांबण्याआधीच बापूंनी शेकोटी पेटवून ज्वारीची कणसे घातली होती. कोवळ्या हुरड्याचा तो गंध! आणि माझी एकादशी.

"गुरुजी, हुरडा म्हंजे धान्य न्हाय हो," बापू गंभीरपणे म्हणाले, "अजून त्याचं लगीन झालेलं न्हाय."

"लग्न झाले नसले तरी गोत्र धान्याचेच आहे, बापू."

ते मोठ्याने हसले आणि त्याच आगट्यात रताळी पुरली. शेजारच्या गुऱ्हाळातून रस आणला. रताळ्याची साल काढताना बोटे पोळली, आणि गोडी अशी की आमच्या घाटमाथ्याकडच्या रताळ्यांनी मान खाली घालावी. निघताना बापूंनी अनघेला बाजूला घेतले. हळू बोलण्याची त्यांना सवय नाही, म्हणून मला ऐकू आले. "पोरी, रस्ता कर, दिवं लाव. पन मारुतीला हलवून तू सुखानं निजशील का? तेवढं बघ."

पुढच्या सबंध वाटेवर अनघा खिडकीबाहेरच्या उसाकडे पाहत राहिली.

इंदापूर

आधी इंद्रेश्वराचे दर्शन घेतले आणि मग आळीत आलो. वाचकांना काय सांगू? मी पुष्कळ गावांतून जुन्या आळ्या मरताना पाहिल्या आहेत. एकेक घर पडते, जागी एकेक पत्र्याचे शटर उभे राहते, आणि लोक नव्या वसाहतीत निघून जातात. येथे उलट दृश्य होते. काळी फरसबंदी धुऊन लख्ख केलेली, डोक्यावरच्या विजेच्या तारांचे जाळे जमिनीखाली गेलेले, आणि घरांच्या मूळ दगडी पायऱ्या व ओटे, जे वर्षानुवर्षे रस्त्याखाली गाडले गेले होते, ते पुन्हा उघड्यावर आलेले. जुन्या दारांच्या चौकटींवरची कमळे आता डोक्यावर दिसतात. पूर्वी ती खांद्याशी होती.

अशाच एका नव्याने वर आलेल्या ओट्यावर एक वृद्धा मेथी, कांद्याची पात आणि डाळिंबे मांडून बसली होती. हिचे नाव चांगुणाआक्का. अनघेने माझी ओळख करून देताच आक्का हात जोडून म्हणाली, "या गुरुजी. ही पोरगी आली आन् माझी उंची वाढली. आदी गिऱ्हाइकाला माझं डोकंच दिसायचं. आता पायबी दिसत्यात."

तिच्या ओट्यासमोरच, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, मारुतीची घुमटी. मी आत वाकून पाहिले. शेंदराची जाड, गोलसर, तकाकणारी मूर्ती. अवयव कोठलाच स्पष्ट नाही. हात नाही, गदा नाही, केवळ एक भला मोठा केशरी आकार, आणि त्यात बसवलेले दोन चांदीचे डोळे. तरीही कोणालाही विचारावे लागू नये असा तो मारुती होता. गावोगावी भक्त दर शनिवारी तेल-शेंदूर चढवतात आणि जुना लेप कधी काढत नाहीत. तेथे देव असाच दरवर्षी थोडा जाड होत जातो.

घुमटीचे पुजारी तात्या गुरव दारातच बसून होते. माझ्या पाया पडले, पण नजर उचलली नाही.

"तात्या, आपले मन काय म्हणते?"

"मन काय म्हननार गुरुजी? आग लागली तवा म्याच वरडत हुतो, बंब आना, बंब आना म्हनून. आता म्याच कोन्त्या तोंडानं न्हाय म्हनू?"

द्वादशी

शनिवारी त्रयोदशीला देव हलवायचा, म्हणून द्वादशीस प्रारंभीची पूजा योजली. सकाळी घुमटीत बसून मूर्तीला कोमट पाण्याचे स्नान घातले आणि तेलाचा अभ्यंग सुरू केला. बाहेर आळीच्या कोपऱ्यावर काँक्रीटचा शेवटचा तुकडा फोडण्याचे यंत्र धडधडत होते. जमिनीतून ती थरथर माझ्या मांडीपर्यंत येत होती.

मंत्र म्हणता म्हणता हाताखाली काहीतरी हलल्यासारखे वाटले. प्रथम एक बारीक रेघ, मग एक सुस्कारा टाकल्यासारखा आवाज, आणि शेंदराचे ते सबंध कवच मूर्तीपासून सुटून माझ्या मांडीवर आले. मी ते दोन्ही हातांनी धरले नसते तर भुईवर फुटले असते. पांढरे स्वच्छ धोतर, उपरणे, छाती, सारे शेंदरी तेलाने माखून गेले.

तात्या किंचाळले. बाहेर लोक धावले. आणि चांगुणाआक्का दारातून माझ्याकडे पाहून म्हणाली, "अगं बया! मारुती गुरुजीच्याच अंगात आला!"

भीतीने गोठलेली माणसे हसली, पण ते हसू लगेच विरले. कारण कवच निघाल्यावर मागे जे उरले होते, तो मारुती नव्हता.

उभी काळी शिळा होती, आणि तिच्यावर चौकटी कोरलेल्या होत्या. खालच्या चौकटीत एक वीर पडलेला आणि त्याच्यामागे गाईंची रांग. मधल्या चौकटीत तोच वीर ढाल-तलवार घेऊन झुंजतो आहे. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला हात धरून नेत आहेत, आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर सूर्य आणि चंद्र. वीरगळ. गावाची गुरे राखताना पडलेल्या कोणा वीराची स्मृतिशिळा. त्या मुलखात वेशीशी, शिवारात अशा शिळा अनेक आहेत. या आळीने पिढ्यान्पिढ्या भक्तीने शेंदूर चढवून वीराचा मारुती केला होता.

"आमच्या मारुतीला गाई कशापायी?" मागून कोणी विचारले.

दुपारपर्यंत नगरपालिकेचे अधिकारी आले. मनुष्य सभ्य, बोलणे मऊ. ते म्हणाले, "गुरुजी, आता प्रश्नच सुटला. ही तर ऐतिहासिक वस्तू. हिला संग्रहालयात काचेमागे ठेवू, सुरक्षित राहील. चौकापलीकडे संगमरवरी मारुती बसवू, सुंदर. रस्ताही मोकळा."

अनघा हळूच म्हणाली, "पाण्या-पावसापासून दगड वाचेल, हे खरं आहे."

तात्या गुरव एकदम उठले. "म्हंजे आमच्या बापजाद्यांनी दगडाला तेल घातलं व्हय? सांगा की गुरुजी. तसं आसंल तर तसं सांगा."

"उद्या सकाळी विधीच्या वेळी सांगेन," एवढेच म्हणालो, आणि ते कवच नव्या वस्त्रावर ठेवून उतरत्या उन्हात घुमटीपुढे एकटा बसलो.

शास्त्रात जीर्ण मूर्तीसाठी विधी आहे, चलनासाठी, म्हणजे देव हलवण्यासाठीही, विधी आहे. पण देव हलवावयास आलेल्या ब्राह्मणाच्या मांडीवर देवच उतरून बसला आणि आसनावर दुसराच निघाला, तर काय करावे, हे मला कोणी शिकवले नव्हते. विचार करता करता, कवच कोठे तडकले आहे का, हे पाहावे म्हणून मी ते उलटे केले.

आतल्या बाजूला वीर होता. शेंदूर जेव्हा प्रथम ओला चढवला गेला, तेव्हा दगडावरची प्रत्येक रेघ त्याने आपल्या आत घेतली होती. ढाल, तलवार, गाईंची शिंगे, वरचा चंद्र, सारे त्या केशरी पोटात उलटे उमटलेले. मी कवच पुन्हा सुलटे केले. बाहेर दोन चांदीचे डोळे माझ्याकडे पाहत होते. बोटभर जाडीचे एकच कवच. बाहेरून मारुती, आतून वीर. या दोघांना वेगळे करावयास कोणती सुरी लावणार होतो मी?

त्रयोदशी, शनिवार

सकाळी आळी जमली. अधिकारी आले, अनघा आपला नकाशा घेऊन आली, दत्तात्रय आणि लासुर्ण्याचे बापूही आले. मी कवच दोन्ही हातांत धरून सर्वांना आधी बाहेरून दाखवले आणि मग आतून. लोक पुढे वाकून पाहू लागले. एका बाईने आपोआप हात जोडले.

मी म्हणालो, "तात्या, तुमच्या वाडवडिलांनी दगडाला तेल घातले नाही. जो वेस राखताना पडला, त्याला त्यांनी वेस राखणाऱ्या देवाचे रूप दिले. पिढ्यान्पिढ्या जेथे प्राण ओतला, तेथे प्राण आहे. हा मारुती आहे आणि हा वीरही आहे. आणि वीराची शिळा तो जेथे पडला तेथेच उभी करतात. तेथून हलवली की ती नुसता कोरीव दगड. म्हणून देव हलवण्याचा विधी मी करणार नाही."

एकच गलका उठला. मी हात वर केला. "परंतु बंबाला वाट कोठून द्यावी, हे मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. आग लागली तर माणसे जळू नयेत, हाही धर्मच आहे. ती वाट तुम्ही शोधा. नाही सापडली, तर दुसरा ब्राह्मण बोलावून देव हलवा. मी दोष देणार नाही."

अनघेने नकाशा फरसबंदीवर पसरला. घुमटीची बाजू सोडली तर जागा एकच होती: समोरच्या घरांचे ओटे. तेच ओटे, जे तिनेच महिन्याभरापूर्वी रस्त्याखालून वर काढले होते. तिने नकाशावरून नजर उचलून आक्काच्या ओट्याकडे पाहिले.

चांगुणाआक्काने तिची नजर ओळखली. मेथीच्या जुड्या बाजूला सारून ती उठली.

"माजा वटा घे."

"आक्का, तुमचं दुकान आहे ते."

"मी दारात पाट टाकून बसंन. पोरी, आमचं गाव उजनीच्या पान्यात गेलं तवा मी नवी नवरी हुते. समदं आनलं. दारं आनली, जातं आनलं, पाटा-वरवंटा आनला. आमचा मारुती खडकातला. हलंना. नव्या गावठानात नवा बसवला, गोरापान, वर पंखा. पन वरीसभर त्याच्याम्होरं मला काय मागावं सुचंनाच. जुना तितंच ऱ्हायला, पान्याखाली. मग आमी हितं ऱ्हायला आलो, तवा ह्यो गावला." तिने पदराने हात पुसले. "एकदा सोडून आले. दुसऱ्यांदी न्हाय सोडायची. तोड वटा."

शेजारच्या मिठाईवाल्याच्या ओट्यावर त्याची भट्टी होती. तो कुरकुरला, "आक्का, तुमची मेथी दारात मावंल. माजी कढई कुठं ठिवू?"

"डोस्क्यावर ठिव. तितं तसंबी केसाची अडचन न्हाय."

हशा झाला. मिठाईवाल्याने आपल्या टकलावरून हात फिरवला आणि स्वतःही हसला. "घ्या मग. माजाबी घ्या. पन पयला पेढा देवाला माज्याच दुकानातून जाईल, सांगून ठिवतो."

त्याच्या पलीकडे शिंप्याचा ओटा होता. त्याने आपले शिलाई यंत्र उचलून आत नेले. अनघेने मोजण्याची फीत लावली. खात्री करावी म्हणून तिने ती पुन्हा लावली. मग अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाली, "बंब जातो. वळणासकट जातो." अधिकाऱ्यांनी स्वतः फीत धरून पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "नकाशा बदला. मी सही करतो." मग त्यांनी पायांतले बूट काढले, घुमटीत गेले आणि डोके टेकले.

वाचकहो, अभिमानाने सांगण्यासारखे प्रसंग माझ्या आयुष्यात फार नाहीत. माझ्या शिष्याची कन्या त्या फरसबंदीवर उभी होती, आणि एक सबंध आळी आपापल्या उंबऱ्यापुढची जागा देवाला आणि बंबाला सारखीच देत होती. नवे गाव आणि जुने गाव यांचे भांडण असते असे मी ऐकत आलो होतो. त्या सकाळी ते भांडण मला कोठेही दिसले नाही.

मग शिळेची पुनःपूजा केली. आक्काच्या ओट्याचा पहिला दगड निघाला, तो देवाच्या जोत्याला बसवण्यासाठी बाजूला ठेवला. तात्यांनी शेंदराची वाटी पुढे केली आणि थांबले. "गुरुजी, आता लेप लावायचा का न्हाय?"

"लेप नको. वीराचे मुख दिसू द्या. दर शनिवारी टिळा लावा."

"टिळ्यानं मारुतीचं पोट भरंल का?"

"तुमच्या हातचा आहे. भरेल."

त्यांनी अंगठ्याने टिळा लावला. त्या दिवशी त्यांनी प्रथमच माझ्याकडे नजर उचलून पाहिले.

उजनीच्या पाण्यावर

गळून पडलेले कवच वाहत्या किंवा मोठ्या जलाशयात विसर्जित करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ऊन कलल्यावर आम्ही गावाच्या उत्तरेला उजनीच्या पाण्यावर गेलो. समुद्रासारखे पसरलेले पाणी, उथळ कडेला रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे. आमच्या कृष्णेचा पैलतीर नेहमी दिसतो, हाक मारली तर ओ येते. येथे पैलतीर नव्हताच. नावाड्याने होडी काढली. होडीत तात्या, अनघा, मी, आणि कवच मांडीवर घेतलेली चांगुणाआक्का.

"अजून थोडं," आक्का नावाड्याला सांगत राहिली. "अजून. त्या टेकाडाच्या रेघंत. हां, हितं." होडी थांबली. होडीखाली आक्काचे बुडालेले गाव होते.

मी मंत्र म्हटले. कवच पाण्यात सोडण्यापूर्वी तात्यांनी खिशातून चिमटा काढला आणि चांदीच्या डोळ्यांकडे हात नेला. ते त्यांच्या आजोबांनी बसवलेले होते. देव्हाऱ्यासाठी नवा चांदीचा टाक करून त्यात ते घालावे असा त्यांचा मानस असावा, आणि तो योग्यच होता.

आक्काने त्यांचा हात धरला नाही. नुसते म्हणाली, "तात्या, डोळं ऱ्हाऊ द्या. खाली अंधार असंल."

तात्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे. चिमटा परत खिशात गेला.

आक्काने दोन्ही हातांनी कवच पाण्यावर ठेवले, तान्ह्याला पाळण्यात ठेवावे तसे. ते क्षणभर तरंगले. मग ते डोळे आमच्याकडे पाहत पाहत हिरव्या पाण्यात उतरू लागले, आणि आम्हाला दिसेनासे झाल्यावरही बराच वेळ आक्का वाकून पाहत होती.

"एकटाच हुता इतकी वर्सं," ती म्हणाली. "आता सोबत झाली."

पौर्णिमेला मी वाईस परतलो. ते धोतर दोनदा धुतले, तरी मांडीवरचा शेंदूर गेला नाही. आमच्या मंडळींनी ते घडी घालून देव्हाऱ्याखाली ठेवले आहे.

आता इच्छा इतकीच. ज्याने ती वेस राखली, तो आपल्या उंबऱ्याचीही राखण करो. आपल्या दारापुढून जाणारा रस्ता कितीही रुंद होवो, त्यावरून संकटाला धावून येणाऱ्याला सदैव वाट मिळो. आपली लेकरे नव्या नगरांत मोठी होवोत, आणि आपल्या घरातला दिवा, वडील माणसे आणि कुलदेवता ज्या जागी आहेत त्या जागी सुखाने नांदोत. वाचणाऱ्याचे आणि वाचून घरच्यांना सांगणाऱ्याचे कल्याण असो.